सेल्फ फिरत नाही? रिले बदलण्याआधी या चुका टाळा

चावी फिरवली, डॅशबोर्डमागे 'टक्' वाजलं, पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) हलला नाही. जुन्या ट्रॅक्टरवर असं झालं की कुणी लगेच नवा रिले (चावीच्या छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) आणतो, तर कुणी खाली उभं राहून पान्याने सेल्फचे नट शॉर्ट करतो.

पान्याचा उद्योग आधी बंद करा. त्यात न्यूट्रलचा आणि क्लचचा सेफ्टी स्विच बायपास होतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर डिझेल इंजिन पटकन उचलतं आणि मागचं चाक उभ्या माणसाच्या अंगावर येतं. अशी माणसं जिवानिशी गेली आहेत. घाई कितीही असो, जमिनीवर उभं राहून सेल्फ मारू नका.

आता रिले. 'टक्' वाजलं म्हणजे रिले चांगला, हा सगळ्यात मोठा गैरसमज. त्या आवाजाचा अर्थ एवढाच की रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पायांमधल्या (पिनांमधल्या) कॉइलने आतली पत्ती ओढली. आतले पॉइंट (करंट जोडणारे संपर्क) जळून काळे पडले असतील तर आवाज येऊनही बॅटरीकडून ३० नंबरच्या पायावर आलेला करंट सेल्फकडे जाणाऱ्या ८७ ला पोचत नाही. उलट आवाजच आला नाही तर रिलेला दोष देण्याआधी न्यूट्रल स्विच बघा. चिखल-ऑइलात त्याची वायर कुजलेली असते.

आधी बॅटरी. पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना १० च्या खाली कोसळली, तर दोष बॅटरीत किंवा जाड केबलच्या थिंबलमध्ये (टोकाच्या जोडात) असण्याची शक्यता जास्त.

रिले तपासताना लोक चावी बंद ठेवून मीटर लावतात आणि १२ व्होल्ट दिसले की खूश होतात. पण तुटत आलेल्या वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटरला १२ व्होल्टच दिसतात; भार पडला की तिथे व्होल्टेज बसतं. म्हणून गाडी न्यूट्रलला घ्या, ब्रेक लावा, स्टॉप नॉब (इंजिनचं डिझेल बंद करणारा) ओढून ठेवा आणि सीटवर बसलेल्याला चावी फिरवायला सांगा. त्याच वेळी मीटरची एक पिन ३० वर, दुसरी ८७ वर धरा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर पॉइंट ठीक, दोष पुढे सोलेनॉइडकडे (सेल्फला मोठा करंट जोडणारा स्विच) किंवा अर्थिंगच्या पट्ट्यात शोधा. कॉइल ओढलेली असूनही दोन-चार व्होल्ट किंवा थेट १२ दिसले, तर रिले गेला.

पॉलिश पेपरने पॉइंट घासू नका, वरचा थर निघून ते पुन्हा लवकर जळतात. फ्यूजच्या जागी तार तर कधीच नको, वायरिंग पेटतं. नवा रिले घेताना जुना सोबत न्या: व्होल्ट, अँपिअर आणि पायांची मांडणी तीच हवी. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेत ८५-८६ उलटे लावले तर शॉर्ट होतो.

चावी सोडूनही सेल्फ फिरतच राहिला तर पॉइंट चिकटलेत, रिलेचे किंवा सोलेनॉइडचे. चावीशी झगडू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. नवा रिले बसवताना त्याचे पाय खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे धुताना पाणी आत साचत नाही. सायलेन्सरजवळ मात्र बसवू नका.