युलाँचरमध्ये कांद्याचा भाव

पंचवटीतल्या आमच्या आडतीवर दिवसभर क्विंटलचा भाव किलोत सांगावा लागतो. म्हणून लिनक्सवरच्या युलाँचरसाठी (शब्द टाइप करून अ‍ॅप उघडायचं साधन) पायथनमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे छोटी जोड, लिहिलं: ‘भाव १८५०’ टाइप केलं की १८.५० रुपये.

एक्स्टेंशनच्या फोल्डरात मॅनिफेस्टची, म्हणजे एक्स्टेंशनची ओळख सांगणारी, जेसन (JSON) फाइल आणि मेन नावाची पायथन फाइल ठेवा. मॅनिफेस्टच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘कीवर्ड’ प्रकारची नोंद (इथे ‘भाव’ हा शब्द) हवीच, नाहीतर हाक पोचत नाही. मेनमध्ये कीवर्डच्या इव्हेंटला, म्हणजे तो शब्द टाइप झाल्याच्या सूचनेला, लिसनर (ती सूचना ऐकणारा कोड) जोडा.

खरी काळजी इथे घ्या. टाइप करता करताच इव्हेंट येत राहतात, म्हणजे ‘भाव’पुढची जागा रिकामी असते किंवा आकडा अर्धवट. आधी तपासा, मग १०० ने भागा. पायथनचं फ्लोट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) देवनागरी आकडेही वाचतं, हे मला फार आवडतं! एंटरवर उत्तर क्लिपबोर्डवर कॉपी होऊ द्या. पावतीत थेट चिकटवता येतं.