नेट बंद पडलं? आधी ती टाचणी खाली ठेवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ओळखीतल्या कोणाचं नेट बंद पडलं की फोन मला येतो. पण तो येईपर्यंत मूळ बिघाडावर बहुतेक वेळा दुसरा बिघाड चढलेला असतो, आणि तो घरच्यांनीच केलेला असतो.

राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसून थोडा वेळ दाबून धरली की राउटर कोरा होतो. बंद करून चालू करणं वेगळं आणि कोरा करणं वेगळं, हे मी किती वेळा सांगितलं असेल. कोरा झाला की वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, शिवाय पुष्कळ कनेक्शनांत लाइन बसवणाऱ्याने आत भरून ठेवलेलं युजरनेमही जातं. त्याशिवाय लाइन चालू होत नाही, आणि ते घरात कोणालाच ठाऊक नसतं.

एका नोव्हेंबरातली गोष्ट. दौलतगंजातल्या एका काकांना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काहीतरी बघायचं होतं. जुन्या डेस्कटॉपवर साइट उघडेना. पुतण्या इंजिनिअरिंगला. त्याने आणखी दोन-तीन साइट्स उघडून बघितल्या, सगळीकडे इशाऱ्याचं पान. "काका, राउटर गेला," म्हणाला आणि टाचणी घेतली. मी पोचलो तेव्हा घरात चार फोन आणि एकावरही नेट नाही.

"सकाळी फोनवर चालत होतं का?"

"चालत होतं की. ही भजनं लावून बसली होती."

मग राउटरने काय घोडं मारलं होतं? पण आता बोलून उपयोग नव्हता. मध्ये रविवार आला, युजरनेम मिळायला दोन दिवस गेले. लाइन आली, आणि डेस्कटॉपवर पुन्हा तेच पान. या वेळी मी ते वाचलं. तुमचं घड्याळ मागे आहे, असं स्वच्छ लिहिलेलं. कोपऱ्यात तारीख पाहिली तर 2012 साल. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे लाइट गेली की कॉम्प्युटर मागच्या काळात जाऊन बसायचा.

साइट स्वतःची ओळख पटवायला एक सर्टिफिकेट दाखवते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे त्यातच लिहिलेलं असतं. 2012 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून निघालेलंच नव्हतं, म्हणून तो दार उघडत नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. सेलचं नाव सीआर 2032. महाराज बाड्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला. बसवायला पाच मिनिटं लागली. पुतण्या तोवर फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

माझी सवय अशी की हात लावण्याआधी विचारायचं: दुसऱ्या फोनवर चालतंय का? दुसरी साइट उघडतेय का? फायबरची लाइन येते त्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल आहे का? लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. फायबर म्हणजे काच. कपाट मागे सरकवताना ती कचकन वाकली तरी प्रकाश वाटेत सांडतो. वाकलेली असेल तर हलक्या हाताने मोकळी करा, नाहीतर तक्रार नोंदवा. टोक उपसून डोळ्यासमोर धरू नका, आत लेसर असतो आणि तो दिसत नाही.

आणि बिघाड तुमच्या घरात असतोच असं नाही. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळंच गेलं होतं. देखभालीच्या वेळी त्यांच्याच एका चुकीच्या कमांडने त्यांची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली, आणि आमच्याकडे यायचा रस्ता असा, हे बाकीच्या इंटरनेटला सांगणंही बंद झालं. पूर्ववत व्हायला सहा-सात तास लागले. त्या रात्री आमच्या गल्लीत दोन राउटर टाचणीने कोरे झाले. बातम्यांची साइट उघडत होती, पण ती बघायला सुचलं कोणाला?

दुसरं माझं दुखणं म्हणजे राउटरची जागा. आपले जुने वाडे दगडी, भिंती दीड-दीड हात जाड. राउटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, वर क्रोशाचा रुमाल, आणि तक्रार माजघरातून. वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. 2.4 चा त्यातल्या त्यात आत शिरतो, मात्र मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. लोक सिग्नल पुढे ढकलणारा स्वस्तातला एक्स्टेंडर आणून माजघरातच लावतात. जिथे सिग्नल मुळात मेलेला, तिथून तो पुढे काय पाठवणार? मी सरळ लॅनची वायर आत नेतो आणि तिथे दुसरा राउटर लावतो. भिंतीवर पट्टी दिसते म्हणून काकू आठवडाभर कुरकुरतात. चालेल.

शंभर एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला शंभर एमबी उतरत नाही. एमबीपीएस बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि एका बाइटात आठ बिट. म्हणून आठाने भागा, साडेबारा. स्पीड टेस्ट सहसा जवळच्या सर्व्हरपर्यंतची वाट मोजते, परदेशातल्या साइटची नाही. ब्राउझरमधला इन्कॉग्निटो एवढंच करतो की तुमच्या कॉम्प्युटरवर इतिहास ठेवत नाही. लाइन देणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळू शकतं. पत्त्याशेजारचं कुलूप वाटेत कोणी वाचत नाही एवढंच सांगतं, दुकानदार चोर आहे की साव ते नाही.

सगळ्यात महागात पडणारी घाई मात्र वेगळीच. नेट बंद, म्हणून मोबाइल डेटावर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा आणि पहिला दिसेल तो लावायचा. असे खोटे नंबर चोरांनी पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा गोड आवाज म्हणतो, हे अॅप घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. मग रिफंडसाठी यूपीआय पिन टाका. अहो, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो द्यायला. फसलात तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला 1930 लावा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तर येतात. खरा नंबर बिलावर असतो. तो आणि युजरनेम कागदावर लिहून राउटरच्या बुडाला चिकटवा. मेलमध्ये ठेवलंय म्हणू नका, नेट गेल्यावर मेल कुठून उघडणार?