कॅनव्हास ताणताना सुरकुती का पडते?

आधी कॅनव्हास ज्यावर ताणायचा त्या लाकडी फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक आला तर फ्रेम तिरकी आहे. ठोकून काटकोनात आणा. कापड चारी बाजूंनी दोन-अडीच इंच जास्त ठेवून कापा. स्टेपल गनच्या पहिल्या चार पिना चार बाजूंच्या मध्यावर, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे, दर दोन इंचांवर, समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून. एकच बाजू सलग मारत गेलात की कापड तिकडे ओढलं जातं आणि कोपऱ्यातून तिरकी सुरकुती निघते. मग पिना उपसण्यावाचून इलाज नाही. कोरं सुती कापड मात्र हातानेच, बेताने ताणा: जेसो (रंगाआधी लावायचा पांढरा प्रायमर) लागला की ते आकसतं आणि फ्रेमची बारीक पट्टी चक्क वाकते. आधीच प्रायमर लावलेलं कापड ताठ असतं, त्याला रुंद तोंडाची पक्कडच हवी.