पर्यावरणपूरक इमारतीत राहायला आलात? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

गच्चीवर सोलर, मागच्या बाजूला खतखड्डा, पावसाच्या पाण्याचा हौद, आणि एकाच जिन्यावर वन आरकेपासून थ्री बीएचकेपर्यंतचे फ्लॅट. माहितीपत्रकात हे सगळं छान दिसतं. दोन उन्हाळे गेले की कुठे सोलर बंद पडलेलं असतं, कुठे खतखड्ड्याला कुलूप लागलेलं असतं. चौकशी केली तर बहुतेक वेळा दोन कारणं निघतात. कुणी किती पैसे द्यायचे हे आधी ठरलेलं नसतं, आणि इथलं ऊन आणि इथलं पाणी कसं आहे याचा विचार न करता देखभाल चाललेली असते. पैशांचं आधी घेतो, कारण तिथे चुकलं की बाकीचं सुधारून उपयोग होत नाही.

सोसायटी की अपार्टमेंट, हे न बघता मेंटेनन्स ठरवणं

बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो, पण कायदे दोन आहेत. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेत वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिस यांचा खर्च प्रत्येक फ्लॅटला सारखा येतो, फ्लॅट लहान असो की मोठा. लिफ्टचंही तसंच. पाण्याचे पैसे मात्र नळांची संख्या आणि त्यांचा आकार पाहून लागतात. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारत जुनी झाल्यावरच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे, बांधकाम खर्चाच्या प्रमाणात असतात. सिंकिंग फंड वर्षाला किमान ०.२५ टक्के. याउलट १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली इमारत असेल, तर सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालकीतल्या वाट्याच्या, टक्केवारीने वाटायचा असतो. ती टक्केवारी डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रात, लिहिलेली असते. आधी तो कागद मागून घ्या आणि वाचा.

मिश्र उत्पन्नाच्या इमारतीत या फरकाने घरं हलतात. संस्थेत टँकरचं बिल 'इतर खर्च' म्हणून सगळ्यांवर सारखं टाकलं, तर एका नळावर चार माणसं भागवणारं विडी कामगाराचं घर तीन बाथरूमच्या फ्लॅटचं पाणी भरतं. टँकरचा खर्च पाण्याच्या सदराखालीच धरा. जमलं तर प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवा. वाद थांबतात आणि पाणीही वाचतं, कारण गळका फ्लश कुणाचा आहे हे मीटर लगेच दाखवतं.

तिमाही मेंटेनन्स एकदम मागणं हीसुद्धा चूक आहे. यंत्रमागावर किंवा विड्यांवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्या हातात पैसे आठवड्याच्या हिशेबाने येतात. त्यांना तीन महिन्यांची रक्कम एका तारखेला द्यायला लावायची आणि नंतर थकबाकीदारांच्या यादीत नाव चिकटवायचं, हे मला अजिबात पटत नाही. महिन्याला दोन किंवा चार हप्त्यांत पैसे घ्यायचा ठराव करा. वसुली त्यानेच सुधारते.

पावसाचं पाणी: जूनमध्ये गच्ची धुतली की झालं, असं समजणं

आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या आसपास, परतीच्या पावसात येतो. तोवर मधल्या कोरड्या आठवड्यांत गच्चीवर धूळ, पानं, कबुतरांची घाण साचलेली असते. म्हणून जाळ्या आणि फिल्टर ऑगस्टअखेर पुन्हा साफ करा. मोठ्या खंडानंतरच्या पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचा कॉक कुठे आहे, तो कोण फिरवणार, हे नावानिशी ठरवा.

३०० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला, की वाया जाणारं पाच-एक टक्के नव्हे तर चांगलं वीस टक्के धरूनही वर्षाला सव्वा लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजाल तर तेरा टँकर. पण ते थोड्याच दिवसांत धो धो येतं, त्यामुळे लहान हौद तासाभरात भरून वाहतो. ते जादा पाणी बोअरकडे वळवा. मात्र खडी, वाळूच्या शोषखड्ड्यातून गाळूनच. गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडला तर गाळ बसून बोअर बंद होतो. खाली काळा कातळ आहे, पाणी सावकाश मुरतं, म्हणून पहिल्याच वर्षी बोअर भरभरून येईल अशी आशा कुणाला दाखवू नका.

सोलर बंबाच्या नळ्या फुटणं

'कंपनीचा माल खराब होता' असं म्हणून हा विषय बऱ्याच ठिकाणी संपतो. खरं कारण अनेकदा आपलं पाणीच असतं. उजनी धरण भरलेलं असलं तरी शहराला वर्षानुवर्षं नळाचं पाणी काही दिवसांआडच मिळत आलं आहे. वरची टाकी रिकामी झाली की काचेच्या नळ्या कोरड्या पडून उन्हात प्रचंड तापतात, आणि दुपारी पंप लावून गार पाणी सोडलं की तडकतात. बंबाला स्वतंत्र लहान टाकी ठेवा, म्हणजे तो कोरडा पडणार नाही. कोरडा पडलाच, तर नळ्या झाका आणि भल्या पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर तासाभराने पाणी भरा.

बोअरचं पाणी शक्यतो बंबाला देऊ नका. ते जड असतं, आत क्षार धरतात आणि पाणी पुरेसं तापत नाही. द्यावंच लागलं तर वर्षातून एकदा क्षार काढून घ्या. खालच्या मजल्यावर गरम पाणी उशिरा येत असेल तर बंब बिघडलेला नाही. पाइपातलं गार पाणी आधी निघतं. ते बादलीत धरा, आणि पाइपावर उष्णतारोधक आवरण चढवा.

'सोलर आहे, मग लाईट गेल्यावर लिफ्ट का थांबते?'

कारण ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज गेली की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचना असते. लिफ्टला बॅकअप हवा असेल तर बॅटरी किंवा जनरेटर वेगळा लागतो. हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका, नाहीतर सगळा राग सेक्रेटरीवर निघतो.

एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा. म्हणजे पाच किलोवॉटचे महिन्याला सहाशेच्या आसपास. लिफ्ट, पंप आणि पार्किंगचे दिवे यांची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून मगच किती किलोवॉटचं सोलर घ्यायचं ते ठरवा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक वापराच्या सोलरला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे; अर्ज करण्याआधी चालू अटी बघून घ्या.

पॅनेल भर दुपारी धुवू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि जड पाणी वाळून डागही पडतात. सकाळी लवकर, मऊ फडक्याने पुसा.

आणि वाळवणं. मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, पापड गच्चीवर येणारच, यायलाच हवेत. पॅनेलवर साड्या टाकल्या की उत्पादन पडतं, म्हणून काहीजण गच्चीलाच कुलूप लावतात. तसं करू नका. लहान फ्लॅटला बाल्कनी नसते, गच्ची हेच त्यांचं अंगण. पॅनेल बसवतानाच मोकळा पट्टा राखा आणि तिथे दोऱ्या बांधायला खांब घ्या.

खतखड्ड्याचा वास

वास येतो म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी आहे. ओल्या कचऱ्यावर दर वेळी तेवढाच सुका पाला किंवा कोकोपीट टाका, दोन-तीन दिवसांनी खालवर करा. आमटी, ताक, उरलेला रस्सा गाळूनच टाका. आत अळ्या दिसल्या म्हणून औषध फवारलं तर कचरा कुजवणारे जीवही मरतात. त्यावर सुकं टाकलं की त्या आपोआप कमी होतात. सांडपाणी प्रकल्पाचंही हेच: वीज वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारा पंखा, बंद ठेवला की हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि सकाळी सगळ्या आवारात वास सुटतो.

उन्हाळ्यासाठी काचा लावून बाल्कनी बंद करणं

बाल्कनी काचेने बंद केली की आरपार वारा थांबतो, पश्चिमेचं ऊन आत कोंडतं, मग एसी लागतो. बाहेरून बांबूची किंवा वाळ्याची चटई सोडा. आपल्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो. फक्त तो पाणी पितो, हे मीटर बसवताना लक्षात असू द्या.

सूचना एकाच भाषेत, तीही फक्त मोबाईलवर

इमारतीत तेलुगू बोलणारी घरं असतात, कन्नड बोलणारी असतात. इंग्रजी पीडीएफ ग्रुपवर टाकून 'सगळ्यांना कळवलं' असं होत नाही. फलकावर मराठीत लिहा, आणि गरज असेल तिथे शेजारच्या बाईंकडून तेलुगूत, कन्नडमध्ये दोन ओळी लिहून घ्या. बैठकीची वेळ पाळीवर जाणाऱ्यांना विचारून ठरवा.

इलेक्ट्रिक गाडीसाठी खिडकीतून वायर सोडणं

तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत एक्स्टेन्शन सोडणं धोक्याचं आहे. वायर तापते, पावसात भिजते. सामाईक मीटरवरून फुकट चार्जिंग केलं, तर ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी इतरांच्या गाडीची वीज भरायची, असं होतं. पार्किंगमध्ये वेगळा मीटर, योग्य क्षमतेची वायर आणि शॉकपासून बचाव करणारा ब्रेकर बसवा, आणि दर महिन्याला प्रत्येकाचे युनिट फलकावर लावा.