पोराच्या एअर रायफलीला स्कोप घेताना या चुका टाळा

बंदुकीवर नवा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवला, पहिल्या दिवशी छर्रे कागदावर एका जागी लागले आणि पंधरा दिवसांनी तेच छर्रे दोन-दोन बोटं बाजूला जायला लागले. तक्रार घेऊन माणूस दुकानात जातो. तिथे त्याला अजून महाग, अजून जास्त झूमचा स्कोप दाखवतात, आणि महिनाभरात पुन्हा तीच गत होते. घेताना फक्त झूमचा आकडा पाहिलेला असतो. बंदूक झटका कसा देते आणि निशाणा किती मीटरवर आहे, हे कोणी विचारलेलंच नसतं. स्कोप टिकणार की नाही हे या दोन प्रश्नांवर ठरतं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जुन्या शिकारीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, आणि एअरगन हातात आली की मुलाची नजर आधी होल्याकडे, तितराकडे, सशाकडे जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरवली आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवानगी मिळण्याची वाटही बंद झाली. बंदूक छर्‍याची आहे म्हणून सूट मिळत नाही. मोर अनुसूची 1 मध्ये येतो, तिथे किमान शिक्षा 3 वर्षांची कैद आहे. शंभराहून जास्त वर्षं कोणाला न दिसलेला रानपिंगळा 1997 मध्ये आपल्याच शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि हा पक्षी दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतो, म्हणजे सहज नेमात येतो. मुलाच्या हाती बंदूक देणाऱ्याने हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावं. पुढचं सगळं कागदी टार्गेटसाठी आहे.

गरज नसताना स्कोप घेणं

मुलगा किंवा मुलगी 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेची तयारी करत असेल तर स्कोप घेऊच नका. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. शालेय आणि राज्य पातळीवर साध्या साइटचा आणि पीप साइटचा (बारीक छिद्रातून पाहायच्या) असे वेगळे गट असतात, सराव त्याच साइटवर व्हायला हवा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेच्या रायफलीवरही स्कोप नव्हता. स्कोपवर दोन वर्षं हात बसलेल्या मुलाला पुढे साध्या साइटवर यायला फार जड जातं. आमचं मत तर असं की शेतात हौसेने नेम धरणाऱ्या मुलानेही पहिले काही महिने साध्या साइटवरच काढावेत. श्वास, चाप आणि पकड या तिन्ही गोष्टी तिथे पक्क्या होतात.

झटका न ओळखता काच विकत घेणं

आपल्याकडे बहुतेकांकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल असते. चाप ओढला की आतला दट्ट्या जोरात पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. दट्ट्या पुढे हवेच्या गादीवर आपटून थांबला की तीच बंदूक झटक्याने पुढे जाते. म्हणजे एका छर्‍यामागे उलटसुलट दोन धक्के. दारूच्या काडतुसाच्या रायफलीचा मुख्य धक्का एकाच दिशेचा असतो. त्या रायफलीसाठी बनवलेल्या स्कोपमध्ये भिंगं आणि क्रॉसहेअर (नेम धरायच्या फुलीची रेघ) मागच्या धक्क्याला तोलून धरलेली असतात, पुढच्या धक्क्याला नाही. म्हणून मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं चाललेला स्कोप स्प्रिंगच्या एअरगनवर काही दिवसांत ढिला पडतो. आत भिंगं खुळखुळतात, रेघ तिरकी होते, कधी तुटते.

खोक्यावर ‘एअरगन रेटेड’ किंवा ‘स्प्रिंग एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘शॉकप्रूफ’ एवढा शब्द पुरेसा नाही. गॅस रॅमच्या (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या गॅसच्या) बंदुकीचा झटकाही तिखट असतो, तिलाही हाच नियम. टाकीतल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीला झटका जवळजवळ नसतो, तिथे साधा स्कोप चालतो.

छर्रा न घालता चाप कधीही ओढू नये. पुढे छर्‍याचा अडथळा नसला की हवा निसटते, गादी तयार होत नाही आणि दट्ट्या सरळ धातूवर आपटतो. सील जातं आणि स्कोपलाही सर्वांत वाईट धक्का तेव्हाच बसतो. मोडलेली नळी हातातून सोडून खाडकन मिटवणं हाही मुलांचा आवडता उद्योग. त्याने नळी वाकते.

पॅरॅलॅक्सकडे दुर्लक्ष

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. रायफलीच्या साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच बहुधा 100 यार्डावर, म्हणजे साधारण 91 मीटरवर, पक्का केलेला असतो. तुमचं टार्गेट असतं 10 किंवा 25 मीटरवर. एवढ्या जवळ चित्र आणि क्रॉसहेअर एका पातळीत बसत नाहीत. डोळा जरा वर-खाली झाला की रेघ टार्गेटवर सरकलेली दिसते. 40 मिमी भिंगाच्या अशा स्कोपमध्ये 10 मीटरवर डोळा पार कडेला गेला तर चूक 18 मिमीपर्यंत जाऊ शकते. 10 मीटरच्या कागदावरचा काळा गोल अवघा 30.5 मिमीचा आहे. मुलाचा गाल प्रत्येक वेळी दस्त्यावर नेमक्या त्याच जागी टेकत नाही, त्यामुळे बंदूक आणि छर्रे दोन्ही चांगले असूनही नेम विखुरतो.

घेताना पुढच्या भिंगावर फिरणारी कडी (एओ) किंवा बाजूला फोकसचं चाक असलेला आणि 10 यार्डापर्यंत खाली येणारा स्कोप मागा. तपासणी दुकानातच होते. स्कोप टेबलावर स्थिर टेकवा, 10 मीटरवरच्या खुणेवर रेघ आणा आणि स्कोपला हात न लावता डोकं हळू वर-खाली करा. रेघ खुणेवरून सरकली तर तो ठेवून द्या. कडीवरच्या आकड्यांवर पूर्ण भरवसा नको. चित्र स्वच्छ दिसलं आणि रेघ हलेनाशी झाली की तिथे कडीवर स्वतःची खूण करून ठेवा.

झूम आणि मोठ्या भिंगाचा मोह

25 मीटरपर्यंत 4 पट पुरे. 4×32 चा (4 पट झूम, 32 मिमी भिंग) स्कोप हलका असतो आणि डोळ्याशी येणारा प्रकाशाचा गोल 8 मिमीचा (32 भागिले 4), त्यामुळे डोकं थोडं हललं तरी चित्र काळं होत नाही. 3-9×40 घेतलात तर 9 वर हाच गोल 4.4 मिमी होतो आणि हाताचा कंपही नऊपट दिसतो. तो कंप पाहून मूल रेघेचा पाठलाग करतं आणि खूण समोर येताच चाप झटकतं. बदलत्या झूमचा स्कोप असेल तर सुरुवातीला 4 च्या वर जाऊ देऊ नका. 50 मिमी भिंग उंच रिंगांवर बसतं, मग गाल दस्त्यावरून सुटतो. शिवाय तीन-साडेतीन किलोच्या रायफलीवर अर्ध्या किलोचा स्कोप बारा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत थकवतो.

डोळा न तपासणं

उजव्या हाताच्या बऱ्याच मुलांचा डावा डोळा जोरकस असतो. दोन्ही हात लांब करून पंज्यांच्या मधल्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहायला सांगा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याने ती वस्तू फटीत राहते तो जोरकस. डावा निघाला तर डाव्या खांद्यावरून शिकवणं सोपं पडतं. ते जमत नसेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा.

डोळा आणि स्कोप यांत 75 ते 100 मिमी अंतर लागतं. मोठ्या माणसाने स्वतःच्या मानेने बसवलेला स्कोप मुलाला कामाचा नाही. मुलाला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला आणि गाल टेकवायला सांगा. डोळे उघडल्यावर कडेला काळी सावली नसलेला पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा आणि मगच स्क्रू आवळा.

माउंटवर काटकसर

माउंट म्हणजे स्कोप बंदुकीवर धरून ठेवणारी पकड. एअर रायफलीवरची तिची खाच बहुधा 11 मिमी डवटेलची असते. 21 मिमीच्या पिकाटिनी रेलचे माउंट त्या खाचेवर बसत नाहीत. ठोकून, पट्ट्या घालून बसवू नका. स्प्रिंगच्या बंदुकीला स्टॉप पिन असलेला एकसंध माउंट घ्या आणि ती पिन रेलवरच्या छिद्रात नीट उतरवा. पिन नसली तर झटक्यांनी माउंट हळूहळू मागे सरकतो आणि नेम रोज थोडा थोडा हलत राहतो. माउंटच्या पुढच्या कडेला लागून रेलवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवा. रेघ आणि माउंट यांत फट दिसली की कारण सापडलं.

बसवण्याआधी रेल आणि रिंगांमधलं तेल स्पिरिटने पुसा. रिंगांचे स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळा. 1.7 ते 2.3 न्यूटन-मीटर पुरे. टॉर्कचा पाना नसेल तर ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. जोर काढून आवळलं तर नळकांडं चेपतं आणि झूमची कडी जड फिरायला लागते. ती जड झाली की लगेच ढिलं करा.

शून्य करताना होणारा गोंधळ

शून्य करणं म्हणजे स्कोपवरच्या चकत्या फिरवून रेघ आणि छर्रा एका जागी आणणं. बहुतेक स्कोपच्या चकतीचा एक क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो: 10 मीटरवर सुमारे 0.73 मिमी, 25 मीटरवर 1.8 मिमी. छर्रे 10 मीटरवर 24 मिमी खाली लागत असतील तर वरच्या दिशेला 33 क्लिक. चकतीवरचा ‘अप’चा बाण छर्रा वर नेतो, रेघ नव्हे. एका छर्‍यावरून कधीही क्लिक फिरवू नका. पाच छर्रे मारा, त्यांचा मध्य काढा आणि तिथून मोजा. आधी 10 मीटरवर कागदावर आणा, मग ज्या अंतरावर मूल नेहमी खेळणार तिथे पक्कं करा. स्कोप नळीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर बसतो, म्हणून अंतर बदललं की छर्रा वर-खाली लागणारच.

स्प्रिंगची बंदूक विटेवर किंवा पलंगाच्या दांडीवर टेकवून शून्य करणं ही फार सर्रास होणारी चूक. कठीण आधारावर ती उसळते आणि छर्रा दुसरीकडेच जातो. पुढचा लाकडी भाग उघड्या तळव्यावर नुसता ठेवा, मुठीत धरू नका. हात हवं तर वाळूच्या पिशवीवर टेकवा.

सगळे क्लिक वर संपले तरी छर्रा खालीच लागतो, असंही होतं. मोडणाऱ्या नळीच्या बऱ्याच बंदुकांत नळी किंचित खाली झुकलेली असते. चकती टोकाला गेली की आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम भटकतो. झुकाव भरून काढणारा माउंट मिळतो, तो लावा. तोवर मागच्या रिंगेत खाली जुन्या फिल्मची एखादी पातळ पट्टी चालेल, जाड चालणार नाही.

नेम भटकला तर काय आधी पाहायचं

स्कोपला दोष देण्याआधी बंदुकीचे दस्त्याचे स्क्रू बघा: पुढे दोन्ही बाजूंचे आणि चापाच्या कडीजवळचे. स्प्रिंगच्या बंदुकीत ते सतत ढिले होतात, आणि भटकणाऱ्या नेमामागे कितीतरी वेळा एवढंच कारण असतं. मग माउंटची पेन्सिलरेघ. मग छर्रे: डब्यातला प्रकार बदलला का, कडा चेपल्यात का. नंतर स्कोप काढून साध्या साइटवर पाच छर्रे मारा. इथेही विखुरले तर दोष बंदुकीचा किंवा पकडीचा.

साध्या साइटवर जुळून आले तर स्कोप परत चढवा आणि चौकोन काढा. एकाच बिंदूवर नेम धरून पाच छर्रे, मग 20 क्लिक वर, 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, दर वेळी पाच छर्रे. 10 मीटरवर बाजू साडेचौदा मिमीच्या आसपास यावी आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवर परत यावेत. आले नाहीत तर आतला भाग गेला. तो घरी उघडू नका, वॉरंटीत द्या.

आपलं ऊन, आपली धूळ

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत स्कोप ठेवू नका. काच सूर्याकडे तोंड करून तर अजिबात नाही, एकवटलेलं ऊन आतला भाग जाळतं. स्कोपमधून सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो, हे मुलाला बजावून सांगा. दुपारी काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांत टार्गेट नाचतं, म्हणून शून्य सकाळीच करा.

केळीच्या बागेत नेम खेळू नका. दोन ओळींपलीकडचा मजूर दिसत नाही आणि चुकलेला छर्रा शेतं ओलांडून जातो. टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध किंवा वाळू भरलेलं खोकं हवं. दगड, पत्रा, लोखंड नको, छर्रा उलटा येतो. मुलाच्या आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांवर गॉगल हवा आणि मोठं माणूस जवळ हवं. स्कोपमधून पक्षी किंवा रस्त्यावरची माणसं बघायची नाहीत, कारण तिकडे नळीही वळलेली असते. पक्ष्यांसाठी 8×42 ची वेगळी दुर्बीण घेऊन द्या.

कापूस-केळीच्या हंगामातली धूळ काचेवर बसली की मुलं सदऱ्याच्या टोकाने पुसतात आणि काचेवर बारीक ओरखडे पडतात. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर कापड. पावसाळ्यात बाहेरच्या काचेवर आलेली वाफ पुसून जाते. वाफ आतून धरली असेल तर सील तुटून आत भरलेला नायट्रोजन निघून गेलेला असतो. तो स्कोप उन्हात वाळवून चालवत राहू नका, दुरुस्तीला पाठवा. चांगला स्कोप पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जेल ओलावलं की बदला.