दिल्लीचं रेल्वे संग्रहालय मुलांना दाखवताय? या चुका टाळा

मे महिन्यात सिमला-मनालीला निघालेली मराठी कुटुंबं येता-जाता दिल्लीत एखादा दिवस काढतात. मोठ्यांचा लाल किल्ला आणि कुतुबमिनार ठरलेला असतो. पोरांच्या हट्टाखातर यादीत शेवटी चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय घातलं जातं. आम्ही तिथे दोनदा गेलो. खरं तर तीनदा म्हणायला हवं, पण एकदा सोमवार होता. पहिल्या भेटीत चार तास घालवून झाडून सगळं पाहिलं आणि मुलाच्या लक्षात राहिलं ते आइस्क्रीम. दुसऱ्या भेटीत जेमतेम पाच गाड्या पाहिल्या, त्यांच्याबद्दल तो आजही बोलतो. मधल्या काळात आम्ही काय सुधारलं, ते सांगतो.

सोमवारी जाणं

संग्रहालय सोमवारी बंद असतं. गंमत अशी, की रविवारी मुंबई-पुण्याहून निघालेली गाडी सोमवारी दिल्लीत उतरवते, आणि "सामान क्लोकरूममध्ये टाकू आणि थेट तिकडेच जाऊ" असं वाटतं. निघण्याआधी वार बघा. क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप लागतं, तेही घरूनच न्या.

दुपारी बारा वाजता आत शिरणं

इथली बहुतेक इंजिनं आणि डबे उघड्यावर आहेत. दिल्लीच्या मे महिन्यात दुपारी लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, आणि मुलांना तर हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. सकाळी दार उघडतानाच पोचा, आधी बाहेरचं पाहा, ऊन चढलं की आतल्या दालनात जा. आम्ही पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत उन्हाचा प्रश्न नसतो, पण तेव्हा दिल्लीची हवा वाईट असते. मुलाला दमा असेल तर तोही विचार करा.

छोट्या गाडीचं काय करायचं

आवारात फिरवणारी छोटी गाडी आहे, तिचं तिकीट वेगळं. शाळांना सुट्टी असताना रांग लांबते. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर मुकाट्याने आधी त्या गाडीत बसवून आणा, नाहीतर प्रत्येक इंजिनासमोर "गाडीत कधी बसायचं?" ऐकावं लागेल. मोठ्या मुलांना ती शेवटी ठेवा.

पाट्या वाचून दाखवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती शिकलेले आईबाप हमखास करतात. "हे बघ, हे अमुक साली बनलं, तमुक कंपनीने बनवलं." मूल तिसऱ्या पाटीला खांदे पाडतं. चूक मुलाची नाही.

तयारी घरीच करा, आणि ती पंधरा मिनिटांची आहे. कुकर लावला की शिट्टी वर उचलली जाते ती कशाने, हे विचारा. मग सायकलचा पंप दाखवा: आपण दांडा ढकलतो आणि हवा बाहेर जाते. इंजिनात याच्या उलट, वाफ दांड्याला ढकलते आणि दांडा चाक फिरवतो. एवढं कळलेलं मूल इंजिनाच्या बाजूचे जाडजूड दांडे बघून आपणहून म्हणतं, "हा पंप!" मग त्याला सांगा, की दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाचा एक फेरा झाला की चार वेळा वाफ बाहेर पडते. आपण ज्याला झुकझुक म्हणतो ती तीच.

सोबत शिवणाची टेप घ्या. ही कल्पना माझ्या बायकोची, आणि सहलीतला सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच. रुळांमधलं अंतर मोजायला लावायचं. ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, मीटरगेज नावाप्रमाणे १,००० आणि माथेरानच्या गाडीचा रूळ ६१० मिलिमीटर. मीटरगेज आमच्या दहा वर्षांच्या पोराच्या पसरलेल्या हातांत मावला, ब्रॉडगेज मावला नाही. पाटी वाचून हे त्याच्या डोक्यात कधीच शिरलं नसतं. फक्त दोरी किंवा कठडा असेल तिथे पलीकडे जाऊ नका आणि इंजिनावर चढू देऊ नका. सुट्टीत सगळ्यात जास्त ओरडा त्यापायीच खावा लागतो.

चाकं मोजण्याचा खेळही चालतो. बंगाल-नागपूर रेल्वेचं गॅरेट इंजिन शोधा. एकाच बॉयलरखाली जणू दोन इंजिनं जोडली आहेत असं ते अजस्र धूड आहे. त्याची चाकं चोवीस, त्यांतली ओढणारी सोळा. मोजताना मुलं एकदा तरी चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तेवढ्यात तुम्हाला सावलीत दोन मिनिटं मिळतात.

पतियाळाच्या मोनोरेलवरून घाईत पुढे जाणं

पतियाळा संस्थानात १९०७ पासून साधारण वीस वर्षं एका रुळाची गाडी धावत होती. ती इथे आहे. सांगण्याआधी विचारा: एकाच रुळावर उभी असलेली गाडी पडत का नाही? आमच्याकडे "चुंबक" पासून "जादू" पर्यंत उत्तरं आली. मग बाजूला वाकून बघायला सांगा. छोटी चाकं रुळावर आणि एक मोठं चाक बाजूला रस्त्यावर. बहुतेक भार रुळावर येतो, रस्त्यावरचं चाक तोल सांभाळतं. लहानपणी सायकलला जादा चाक लावलेल्या मुलाला हे लगेच पटतं.

आपल्या घाटाची इंजिनं न बघता परतणं

मराठी माणसं राजेरजवाड्यांचे सलून डबे बघतात, गायकवाडांचं नाव दिसलं की फोटो काढतात, आणि 'सर लेस्ली विल्सन'समोरून सरळ निघून जातात. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव मिळालेलं हे विजेचं इंजिन १९२८ च्या सुमाराला बोरघाट आणि थळघाट चढण्यासाठी आणलेल्या जातीचं आहे. बोरघाटात चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यात वळणं. म्हणून त्याचं अंग तीन तुकड्यांचं केलं, वळणावर ते वाकतं. परदेशात या घडणीला मगर म्हणतात. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी त्याच्या विचित्र आवाजावरून त्याला 'खेकडा' म्हटलं.

इथेही एक प्रश्न टाका: इंजिन विजेचं, मग चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे कशाला? मोटारींची ताकद दांड्यांमार्फत चाकांना जायची म्हणून. आता मोटारी थेट चाकांच्या आसाला जोडलेल्या असतात, दांडे गेले. शेजारपाजारी 'सर रॉजर लम्ली' हेही आपल्याकडचंच विजेचं इंजिन. त्याच्याच जातीच्या इंजिनांनी १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी ओढली. लोणावळ्याची चिक्की खाल्लेल्या कुठल्याही मुलाला हे दोघं परके वाटत नाहीत.

तिथे गेल्यावर अडचण आली तर

मूल विचारेल, "भारतातल्या पहिल्या गाडीचं इंजिन कुठंय?" १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. तिघांतलं एकही इथे नाही, हे आधीच सांगून टाका.

'फेअरी क्वीन' दाखवीन असं वचन देऊ नका. १८५५ चं हे इंजिन अजून वाफेवर धावू शकतं, म्हणूनच ते हरियाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये असण्याचा संभव असतो. इंजिन चालवल्याचा भास देणाऱ्या सिम्युलेटरचंही तसंच. चालू असेल तर नशीब.

मूल कंटाळलं, तर त्याला ओढू नका, आजी-आजोबांना पुढे करा. ब्रॉडगेजवर वाफेची इंजिनं १९९५ पर्यंत धावली. आईबापांना ती अंधुक आठवतात, आजोबांना स्पष्ट. आमचे आबा काळ्या इंजिनासमोर उभे राहून खिडकीत बसल्यावर डोळ्यात गेलेल्या कोळशाच्या कणाबद्दल बोलायला लागले. "आई पदराच्या टोकाने काढायची," म्हणाले. पोराने पाणी प्यायचं थांबवलं आणि विचारलं, "आबा, मग खिडकी बंद का नाही करायचात?" आबांकडे उत्तर नव्हतं. नंतर म्हणाले, "खिडकीसाठी तर आम्ही भांडायचो रे."

आणि घरी आल्यावर पुढच्या पुणे प्रवासात वडा घ्यायच्या गडबडीत कर्जत वाया घालवू नका. तिथे घाट चढायला गाडीच्या मागे इंजिनं जोडतात. एकाने वडा आणायचा, एकाने पोराला घेऊन शेवटच्या डब्याकडे जायचं. आमचा तिथे उभा राहून बाकीच्यांना सांगत होता, "पूर्वी इथे खेकडा असायचा."