हळदीतला मेटानिल यलो यूव्ही-व्हिजिबलवर कसा पकडायचा

कॉलेजच्या लॅबमध्ये साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) असेल तरी बाजारातल्या सुट्या हळदीत मेटानिल यलो (भेसळीसाठी वापरला जाणारा कृत्रिम पिवळा रंग) आहे का ते बऱ्यापैकी तपासता येतं. फक्त हळद अल्कोहोलमध्ये विरघळवून सरळ स्कॅन मारू नका, कारण हळदीतल्या करक्युमिनचा (तिच्या नैसर्गिक पिवळ्या रंगद्रव्याचा) पीक, म्हणजे सर्वात जास्त प्रकाश शोषला जातो ती जागा, ४२५ नॅनोमीटरच्या आसपास येतो आणि मेटानिल यलोचा पाण्यात ४३४ च्या आसपास, दोन्ही एकमेकांवर चढतात आणि ग्राफ बघून काहीच कळत नाही.

त्यामुळे आधी दोघांना वेगळं करायचं. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, मेटानिल यलो मस्त विरघळतो. १ ग्रॅम हळद, २० मिली डिस्टिल्ड वॉटर, दहा मिनिटं हलवायचं, मग सेंट्रिफ्यूज, आणि वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळायचं. गाळण्यात आळस नको, गढूळ राहिलं तर बेसलाइन वर उचलली जाते आणि नसलेला रंग दिसायला लागतो.

आता या पाण्याचे दोन भाग करा. एक तसाच स्कॅन करा, ४०० ते ६५०. दुसऱ्यात डायल्यूट एचसीएल घालून पीएच १ च्या खाली आणा (गॉगल आणि ग्लोव्हज घालूनच) आणि परत स्कॅन. ब्लँकमध्येही (तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या पाण्यातही) तेवढंच ॲसिड हवं. मेटानिल यलो असेल तर पाणी गुलाबी-जांभळट होतं आणि पीक सरकून ५२० ते ५४० च्या पट्ट्यात येतो. कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड मात्र नको, त्यात शुद्ध हळदसुद्धा लाल होते, म्हणून तर घरच्या टेस्टमध्ये नंतर पाणी घालून रंग टिकतो का ते बघतात.

शुद्ध सॅम्पल म्हणून हळकुंडं आणून स्वतः दळा, पॅकेटवर विश्वास ठेवू नका. त्यातच थोडा स्टँडर्ड मेटानिल यलो मिसळून तिसरं सॅम्पल बनवा, त्यात पीक दिसला तरच तुमची पद्धत चालतेय. प्रमाण काढायचं तर १, २, ५, १० मिलीग्रॅम प्रति लिटरच्या स्टँडर्ड द्रावणांची कॅलिब्रेशन लाइन (प्रमाण विरुद्ध शोषण असा ग्राफ) काढा.

पाणी पिवळंधमक पण ॲसिडने गुलाबी होत नाही? मग टार्ट्राझिन या दुसऱ्या कृत्रिम पिवळ्या रंगाचा संशय घ्या, तो मिठाईत चालतो पण हळद पावडरमध्ये वरून कुठलाच रंग घालायला परवानगी नाही. कोणाचं नाव घेण्याआधी मात्र एचपीएलसी किंवा एलसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रांवर) कन्फर्म कराच.

आणि लेड क्रोमेट (भेसळीतला शिसं असलेला पिवळा रंग) या पद्धतीत अजिबात सापडत नाही, तो पाण्यात विरघळतच नाही. लहान मुलांसाठी शिसं फार वाईट, त्यामुळे हळद संशयास्पद चमकदार वाटली तर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी शिशासारखी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) असलेल्या लॅबला सॅम्पल वेगळं पाठवा.